आजीचा तन्मणी, मावशीचा साज आणि आईची तुटकी नथ: लग्नाच्या दिवसापुरते उसने दागिने

प्रश्न थोडक्यात असा. जिवलग मैत्रिणीचं लग्न फेब्रुवारीत सांगलीला आहे. सकाळी नऊवारीत विधी, संध्याकाळी शालूवर स्वागत समारंभ. तिची आई हयात नाही. आईची एक मोत्यांची नथ आहे, पण तार तुटलेली आणि दोन मोती निखळलेले. मैत्रिणीचं नाक टोचलेलं नाही. विचारणाऱ्या ताईंना आपल्या आजीचा तन्मणी, म्हणजे मोत्यांचा हार, आणि पाटल्या तिला त्या दिवसापुरत्या घालायला द्यायच्या आहेत, आणि तिची कोल्हापूरची मावशी आपला साज, म्हणजे सोन्याचा कोल्हापुरी हार, द्यायला तयार आहे. यातलं काय घालावं, कसं जुळवावं आणि देण्याघेण्यात कुणाचं मन दुखू नये म्हणून काय करावं?

ताई, तुमच्याकडे दागिने कमी नाहीत, उलट जास्त आहेत. अडचण आहे ती तीन घरांचे दागिने एका अंगावर बसवण्याची. प्रत्येकाची घडण वेगळी, सोन्याचा रंग वेगळा, मालक वेगळा, आणि त्यातला एकच दागिना खरोखर तिचा. म्हणून ‘कुठला सगळ्यात उठून दिसेल’ इथून सुरुवात करू नका. वधूला तयार करताना आम्ही आधी विचारतो की यातलं काय नसेल तर तुला चुकल्यासारखं वाटेल. इथे ती आईची नथ आहे हे तुमच्या प्रश्नातच दिसतं. नथ आधी, मग गळा, मग हात, या क्रमाने ठरवा.

त्याआधी एक रेघ ओढून घ्या. मंगळसूत्र, जोडवी आणि हिरवा चुडा उसना घेत नाहीत. विधीत जे अंगावर चढतं ते तिथेच राहतं, ते उतरवून परत करायचं नसतं. बाकी सगळं शृंगाराचं, ते उसनं चालतं, आणि पूर्वीही घरोघरी तसंच चालत असे.

आता नथ. दुरुस्तीला आजच टाका. लग्नसराईत कारागिरांकडे कामाचे ढीग असतात आणि मोत्याचं काम घाईत बिघडतं. किमान तीन आठवडे हातात ठेवा. देताना मोती मोजा, सुटलेले दोन मोती वेगळ्या पुडीत द्या आणि मोत्यांची संख्या पावतीवर लिहून घ्या. कारागीर बहुधा म्हणेल, ‘सगळेच मोती बदलतो, एकसारखे दिसतील.’ नको म्हणा. जुने मोती वापराने थोडे सायीच्या रंगाचे होतात, नवे पांढरेशुभ्र येतात. सगळे बदलले तर ती आईची नथ उरत नाही. एखादा मोती खरंच फुटलेला असेल तर तेवढाच बदला, आणि नवा मोती दर्शनी बाजूला न घालता नाकपुडीकडच्या टोकाला घालायला सांगा.

नाक टोचलेलं नसल्याने नथ दाबाची करावी लागेल. इथे सांभाळायचं ते एवढंच की मूळ तार किंवा फासा, म्हणजे अडकवायची कडी, कापू द्यायचा नाही. वेगळी छोटी चाप बसवून तिच्यात नथ अडकवता येते आणि लग्नानंतर ती काढताही येते. नथ चार-पाच ग्रॅमच्या आत असेल तर अशी चाप साधारण तग धरते, त्याहून जड असेल तर घसरते. ‘लग्नाआधी नाक टोचून घेऊ का?’ हा पुढचा प्रश्न येईलच. फेब्रुवारीच्या लग्नासाठी आता टोचू नका. नाक टोचल्याची जखम नीट भरायला काही महिने लागतात. ओल्या भोकात जुनी जाड तार घातली की सूज येते, आणि ती फोटोत तर दिसतेच, पण दुखतेही.

नथ घरी तासभर घालून बघा. त्या तासात पाणी प्या, हसा, मोठ्याने बोला. घसरत असेल तर चापेच्या आतल्या बाजूला मायक्रोपोर चिकटपट्टीचा तांदळाएवढा तुकडा लावा. लग्नाच्या दिवशी नथ बसते तिथला फाउंडेशन कोरड्या कापसाने पुसून वर किंचित पावडर लावायची, कारण बहुतेक नथी त्या तेलकट थरावरून घसरतात. चाप दाबून घट्ट करायची असेल तर ते काम कारागिराचं. घरच्या पकडीने मोती चिरडतात.

एवढं करूनही नथ नाकात टिकणार नाही असं कारागीर म्हणाला तर हट्ट करू नका. डाव्या खांद्यावर, पदराच्या निऱ्या जिथे टाचतो तिथे ती शिवून लावता येते. पिन नको, कारण पिनेवर ती उलटीपालटी फिरते. साडीच्या रंगाच्या रेशमी दोऱ्याचे चार टाके पुरतात. नाकात मग हलकी, साधी दाबाची नथ. तशीही एक जादा नथ पिशवीत हवीच, कारण जेवताना, घास भरवताना आईची नथ काढून ठेवणंच बरं.

आता गळा, आणि इथे तुमच्यापुढे खरा पेच आहे. तन्मणी आणि साज एका वेळी घालू नका. एक मोत्यांचा, पेशवाई वळणाचा. दुसरा सोन्याचा, कोल्हापुरी. दोन्ही गळ्याच्या जवळपास एकाच पट्टीत बसतात आणि एकमेकांना झाकतात. शिवाय साजाच्या पानांच्या कडा मोत्यांच्या दोऱ्यात अडकतात, तिथे एक हिसका बसला की दोरा तुटतो. म्हणून एक सकाळी, एक संध्याकाळी.

कुठला कधी? निव्वळ दागिन्याच्या हिताने बघितलं तर सकाळी साज आणि संध्याकाळी तन्मणी. सकाळी अंगावर काय काय पडतं ते आठवा: कुंकवाच्या अक्षता, हळद, लाजाहोमातलं तूप, ओल्या फुलांचा हार. सोनं पुसलं की स्वच्छ होतं. मोत्यावर आणि विशेषतः मोत्यातल्या दोऱ्यावर हळदकुंकू बसलं की ते निघत नाही, दोरा पिवळा पडतो आणि मोत्याच्या आतून तो पिवळेपणा दिसत राहतो. वरमाला घालताना ती तन्मण्यात अडकणं हेही नेहमीचंच.

पण यात घरची रीत आडवी येऊ शकते. कोल्हापूरकडच्या काही घरांत साज हा सौभाग्याचा दागिना मानतात, मंगळसूत्राच्या बरोबरीचा. तशा घरात मंगळसूत्र पडण्याआधी मुलीच्या गळ्यात साज चढलेला मोठ्या माणसांना खटकेल. मावशीला आत्ताच विचारा, लग्नाच्या सकाळी नको. ‘चालतं’ म्हणाली तर वरचंच ठरवा. ‘नंतर घाल’ म्हणाली तर सकाळी तन्मणी घालायचा, पण अंतरपाट सरेपर्यंत आणि अक्षता पडून होईपर्यंत तो काढून ठेवायचा आणि तेवढ्या वेळात गळ्यात साधी मोहनमाळ किंवा ठुशी. साज संध्याकाळी. यात कमीपणा काही नाही. फक्त फोटोवाल्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे तन्मण्याचे फोटो विधी सुरू व्हायच्या आधी होतील.

गळ्याचं आणखी एक गणित बहुतेकजणी विसरतात: मंगळसूत्राला जागा. चिंचपेटी, त्याखाली तन्मणी, मग पुतळीहार, मग मोहनमाळ असा सगळा गळा भरला की मंगळसूत्र दिसतच नाही आणि बांधायलाही त्रास होतो. मानेमागे तन्मण्याचा गोंडा, ठुशीची दोरी, अंबाड्याचा गजरा आणि मुंडावळ्यांची गाठ एवढं सगळं जमतं, तिथे नवरदेवाची बोटं अडखळतात आणि भटजी मंत्र लांबवत बसतात. सकाळी गळ्यात जास्तीत जास्त दोन माळा: एक गळ्यालगत, एक छातीपर्यंत लांब, आणि मधली जागा रिकामी. प्रत्येक माळेत दोन बोटं अंतर दिसलं पाहिजे. सासरकडून एखादा दागिना येणार आहे का, हेही मैत्रिणीला विचारायला सांगा. तो ऐन मांडवात घालतात, आणि जागा ठेवली नसेल तर तुमचा उसना दागिना सगळ्यांसमोर काढावा लागतो.

घरी आणल्याबरोबर तन्मणी तपासा. एका हातात उभा धरा. मोत्यांमध्ये जागोजागी दोरा उघडा दिसत असेल, म्हणजे मोती सैल पडून खाली सरकत असतील, तर तो गाठवून घ्यायला झाला आहे. पण आजीला किंवा जे मालक असतील त्यांना विचारूनच. पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने ओवणाऱ्या कारागिराकडे, देताना मोती मोजून द्या, समोर बसून काम करून घेता आलं तर उत्तम, आणि प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायला सांगा. मधे कुठे दोरा तुटला तरी मग एखाददुसराच मोती पडतो, सगळी सर सांडत नाही. तन्मण्याचं खोड, म्हणजे खड्यांचं पदक, पाण्याने कधीही धुऊ नका. जुन्या बंद कोंदणात खड्यांखाली चमक येण्यासाठी पातळ पत्रा बसवलेला असतो. आत पाणी गेलं की तो काळवंडतो आणि हिरे मेल्यासारखे दिसतात. साजाच्या आणि ठुशीच्या मण्यांत बरेचदा लाख भरलेली असते, तेव्हा त्याला उकळतं पाणी, रिठ्यात भिजवणं आणि केस वाळवायच्या ड्रायरची हवा यातलं काहीच नको. होमाची धग एवढ्या अंतरावरून लाखेला बाधत नाही, घाबरू नका.

इथवरचा हिशेब असा: नाकात आईची नथ, सकाळी साज आणि संध्याकाळी तन्मणी किंवा मावशीच्या उत्तराप्रमाणे उलट, मधली पट्टी मंगळसूत्राला मोकळी. कानात काय, ते मात्र गळ्यावरून ठरवा. गळ्यात मोती तर कानात कुड्या, गळ्यात सोनं तर सोन्याचे झुबे. नथ आणि मुंडावळ्या मोत्यांच्याच असल्याने दोन्हीकडे मेळ बसतो. कुड्या उसन्या आणल्या तर दांडी स्पिरिटच्या कापसाने पुसून घ्या, मोत्याला स्पिरिट लागू देऊ नका. जुन्या कुड्यांच्या डाव्या-उजव्या फिरक्यांचे आटे बरेचदा वेगवेगळे असतात. एकीची दुसरीला जोर लावून बसवली की आटे झिजतात आणि कुडी मांडवात कुठेतरी पडते. उजवीच्या फिरकीला लाल दोरा बांधून ठेवा.

रंगाबद्दल थोडं. जुन्या सोन्यात लालसर झाक असते, नवं २२ कॅरेट पिवळं दिसतं आणि एक ग्रॅमचे, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले दागिने लिंबासारखे पिवळे. उजेडात दोन वेगळी सोनी शेजारी आली की दोन्ही खोटी वाटतात. त्यांच्यामधे मोती किंवा हिरवी काच आणा, फरक डोळ्याला कळत नाही. लांब माळ एक ग्रॅमची घालायची असेल तर बिनधास्त घाला, फक्त ती साजाला चिकटून नको.

आता हात, आणि या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे. हातात दोन्ही टोकांना सोन्याचा जाड दागिना आणि मधे हिरवा चुडा अशी रचना करतात. चुडा लग्नाच्या आधी भरतात. काच हातावरून दाबून चढवलेली असते आणि ती लगेच उतरवायची नसते. म्हणजे आजीच्या पाटल्या जर कोपराकडच्या बाजूला घालायच्या असतील तर त्या चुड्याच्या आधीच चढवाव्या लागतील, आणि नंतर त्या काढायच्या तर काच वाढवावी, म्हणजे फोडावी लागेल. नव्या नवरीच्या हातातली काच त्यासाठी कुणीही वाढवू देणार नाही. मग तुमच्या आजीच्या पाटल्या महिनाभर तिच्या सासरी राहतील. हे लक्षात येतं ते बहुधा लग्नाच्या रात्री. तेव्हा पाटल्या पेचाच्या, उघडणाऱ्या आहेत का ते आधी बघा. पेचाच्या असतील तर कुठेही घालता येतात. अखंड असतील तर त्या मनगटाकडे, चुड्याच्या पुढे घालायच्या, आणि मागच्या बाजूला तिच्या स्वतःच्या किंवा साध्या एक ग्रॅमच्या.

मापाचा अंदाज नको. बांगडीचं ‘दोन-चार’ माप म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश इंच, आतून सुमारे ५७ मिलिमीटर; ‘दोन-सहा’ सुमारे ६० आणि ‘दोन-आठ’ सुमारे साडेत्रेसष्ट. घरी पट्टीने आतला व्यास मोजा. माप दुपारनंतर घ्या, कारण तोवर हात थोडे सुजतात, आणि लग्नाच्या दिवशी तर धावपळीत आणखीच. पाटल्या घट्ट असतील तर साबण लावून ओढत चढवू नका, जुनं मऊ सोनं वाकतं आणि डाख देऊन जोडलेला सांधा तडकतो. त्या मापात बसत नसतील तर त्या तिच्यासाठी नाहीत, एवढं साधं आहे.

आता देण्याघेण्याबद्दल. आजीचा तन्मणी तुमच्या एकटीचा आहे का? काकू, आत्या, चुलत बहिणी यांचा त्यावर जीव असू शकतो. आजीने हो म्हटलं तरी घरातल्या बाकीच्यांना आधी सांगा. फोटोतून कळलं की बोलाचाली होतात. लॉकरमध्ये असेल तर लॉकर ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः बँकेत जावं लागतं आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँक बंद असते. तेव्हा लग्नाच्या आदल्या दिवसावर ठेवू नका.

दागिना हाती आला की सराफाच्या काट्यावर वजन करा आणि ते ग्रॅममध्येच लिहा. ‘पाच तोळ्यांचा’ असं लिहू नका. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताच्या बाजारात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. आजीच्या तोंडचे पाच तोळे म्हणजे ५८.३ ग्रॅम, सराफाच्या तोंडचे पन्नास, आणि मधल्या आठ ग्रॅमवरून भांडण होतं. समोरून, मागून आणि फाशाचा जवळून फोटो काढा. आधीच असलेली चीर, हरवलेला खडा, वाकलेली कडी हे सगळं फोटोत यायला हवं. एकच कागद, तीन मालक, प्रत्येक वस्तूचं वजन, मोत्यांची संख्या आणि परत करायची तारीख. जुन्या दागिन्यावर हॉलमार्क बहुधा नसतो. पण १ एप्रिल २०२३ नंतर विकत घेतलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, असेल तर तोही लिहा, ओळख पटवायला सोपं जातं.

हा कागद मैत्रिणीने होणाऱ्या नवऱ्याला दाखवलेला बरा. यात लाजण्यासारखं काही नाही. मुलीच्या अंगावर लग्नात जे दिसतं ते तिचंच, असं सासरचे लोक धरून चालतात आणि महिन्याभराने सहज विचारतात, ‘तुझा तो तन्मणी कुठाय?’ तेव्हा ‘तो उसना होता’ हे वाक्य तिला चोरी पकडल्यासारखं म्हणावं लागू नये.

त्या दिवशी दागिन्यांवर लक्ष ठेवायला एकच बाई, दोघी नकोत, आणि शक्यतो तुम्ही नको. तुम्ही मैत्रीण म्हणून प्रत्येक फोटोत असणार. तिची एखादी शांत वहिनी किंवा मावसबहीण बघा. चढवण्याचा क्रम ठरलेला ठेवा: साडी, केस, रंगरंगोटी, स्प्रे आणि अत्तर, मग दहा मिनिटं थांबून दागिने. अत्तर आणि स्प्रे मोत्याची झिलई खातात. आधी कान, मग गळ्यालगतचं, मग लांब माळ, मग हात, मुंडावळ्या आणि सगळ्यात शेवटी नथ. उतरवताना बरोबर उलटं.

दागिने हरवतात ते मांडवात नव्हे, सकाळचं उतरवून संध्याकाळचं चढवायच्या घाईत. पलंगावर साडी, त्यावर पिना, टिश्यू कागदात गुंडाळलेली नथ, आणि मग कुणीतरी तो कागद कचरा समजून टाकतं. म्हणून टिश्यूत काहीही ठेवायचं नाही. एक पांढरा टॉवेल पसरा, त्यावर एक ताट, उतरवलेली प्रत्येक वस्तू त्यात, यादीवर खूण करून मगच पुढची बाहेर काढायची. ठेवायला प्रत्येकाला वेगळी मलमलची पिशवी. सराफाचा गुलाबी कागद ओल लागली की मोत्यांना रंग देतो, आणि कापसाचे तंतू कोंदणात अडकतात. घामट मोती आधी किंचित ओल्या सुती फडक्याने, मग कोरड्याने पुसा आणि पिशवीत घालण्याआधी रात्रभर सावलीत पसरून ठेवा.

परत करताना सराफाकडून ‘जरा पॉलिश करून’ आणू नका, पॉलिशमध्ये वजन घटतं आणि जुन्या घडणीची धार जाते. वजन पुन्हा करा, यादीवर दोन्हीकडच्या सह्या घ्या. चार दिवसांत देऊन टाका, सत्यनारायणाची वाट बघत बसू नका. मावशीकडे साज परत करायला शक्य झालं तर मैत्रिणीने स्वतः जावं आणि तिची खणनारळाने ओटी भरावी, डबी रिकामी देऊ नये. आजीच्या पाटल्यांचंही तसंच. तुम्ही घरच्या आहात म्हणून तुमच्याच हाती पाठवून देऊ नका असं तिला सांगा, ती आजीसमोर येऊन बसली पाहिजे.

आणि मावशीला तो साजाचा प्रश्न या आठवड्यातच विचारून घ्या. तिच्या उत्तरावर सकाळ-संध्याकाळचं सगळं ठरतं, ब्लाउजचा गळासुद्धा.